जांभळ्या बिस्किटाचा नमुना

आदरणीय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. विनंती विशेष आहे, पण ती माझ्या सवयीप्रमाणे अगदी शेवटी येईल, तोवर धीर धरावा. आम्ही सगळे खुशाल आहोत. वहिनींची कंबर आता कशी आहे? तुमचं ऑफिस वरच्या मजल्यावर गेल्याचं कळलं, तिथली लिफ्ट चालू असते ना? (आमच्या झेरॉक्सच्या दुकानाला मजलाच नाही, एक पायरी आहे, आणि तीही हलते.) तुमची बहीण ठणठणीत आहे. शाळेत ती खेळाचे तास घेते आणि उरलेले तास घरी घेते. शिट्टी दोन्हीकडे तीच. आमची चिमी वाढते आहे, उंचीनं आणि आवाजानंही.

तुमचं पत्र पोचलं. बाबांसाठी खोली तयार आहे, भिंतींना नवा रंग दिला आहे, पलंग खिडकीशी लावला आहे, आणि तरी बाबा का येत नाहीत, अडचण काय आहे, असं तुम्ही विचारलंत. विचारणं रास्तच आहे. चिमीची परीक्षा होईपर्यंत बाबा आमच्याकडे आणि मग कायमचे तुमच्याकडे, असं आपलं सगळ्यांच्या साक्षीनं ठरलं होतं. परीक्षा झाली, निकाल लागला, चिमी वरच्या वर्गात जाऊन तिथल्याही बाईंच्या नजरेत भरली (चांगल्या अर्थानं नव्हे), आणि बाबांची बॅग भरलेल्या अवस्थेत अजून दाराशी उभी आहे. आम्ही तिच्यावर छत्र्या ठेवायला लागलो आहोत. तर अडचण अशी आहे की बाबांची बिस्किटं अजून व्हायची आहेत. हसू नका. फोनवरच सांगितलं असतं, पण फोन घरात आहे आणि बाबाही घरातच आहेत.

या सगळ्याचं मूळ वहिनींनी मोठ्या मायेनं पाठवलेल्या त्या खोक्यात आहे. बाबांच्या दाढा गेल्या, तेव्हा त्यांना मऊ खायला बरं, म्हणून त्यांनी जेलीच्या पावडरीची पाकिटं पाठवली. स्ट्रॉबेरी, संत्रं, लिंबू, अननस, द्राक्ष, आणि एक निळं पाकीट, ज्यावरचं फळ आमच्यापैकी कोणीही जन्मात पाहिलेलं नाही. तुमच्या बहिणीनं पाकिटावर लिहिल्याबरहुकूम जेली केली आणि बशीत घालून बाबांपुढे ठेवली. नेमका त्याच वेळी खालून ट्रक गेला आणि जेली थरथरली. बाबांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि बशी सरकवली. "जे स्वतः एका जागी उभं राहू शकत नाही, ते मी खाणार नाही," म्हणाले. पाकिटं कपाटात गेली. ती तिथेच राहिली असती, तर बाबा आज तुमच्या खिडकीशी बसले असते. पण चिमीनं एका पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेली कृती वाचली. याच पावडरीची रंगीत बिस्किटं होतात.

कृती म्हटलं तर सोपी. लोणी आणि साखर फेसायची, अंडं फोडायचं, मैदा मळायचा, गोळ्याचे भाग करायचे आणि प्रत्येक भागात एकेका फळाची पावडर घालायची. मग लाडूएवढे गोळे करून ते पेल्याच्या बुडानं दाबायचे आणि ओव्हनमध्ये ढकलायचे. ओव्हन आमच्याकडे लग्नापासून आहे (तुम्हीच दिला होतात, आम्ही त्यात कांदे-बटाटे ठेवत होतो, ते फार छान राहायचे). तुमच्या बहिणीनं पहिला घाणा काढला आणि घरभर असा काही फळांचा वास सुटला की शेजारचे ड्रायव्हिंग स्कूलवाले आपल्या गॅलरीत येऊन उगाचच कुंडीला पाणी घालायला लागले. बिस्किटं खुसखुशीत होती. मी दोन्ही हातांनी खात होतो. बाबा मात्र ताटलीकडे पाहत उभे होते. संत्र्याचं बिस्कीट विटकरी झालं होतं, निळ्याचं शेवाळी, आणि द्राक्षाचं जे व्हायला हवं होतं जांभळं, ते गाढवाच्या रंगाचं झालं होतं. मी म्हटलं, "बाबा, चवीला झकास आहेत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या तोंडातला घास फिरेनासा झाला.

बाबांनी सगळा जन्म रंगाच्या दुकानात छटा जुळवण्यात घालवला, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही त्या दुकानातच रांगलात. पण मेहुणेबुवा, तुम्ही ते इतकं जवळून पाहिलंत की तुम्हाला ते दिसलं नसणार. मला ते आता दिसतं आहे आणि मी थक्क झालो आहे. माझा धंदा काळ्या-पांढऱ्याचा. कागद पांढरा आणि अक्षर काळं, यापलीकडे मी कधी गेलो नाही. बाबा इथे आल्यावर एकदा सहज दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्या या दोन गठ्ठ्यांतला एक पांढरा निळ्याकडे जातो आणि एक पिवळ्याकडे." मी हो हो केलं. मग त्यांनी दोन्हींतला एकेक कागद शेजारीशेजारी धरला, आणि खरं सांगतो, इतकी वर्षं मी ज्याला एक समजत होतो ते दोन निघाले. तेव्हापासून मला स्वतःचा शर्ट घालतानासुद्धा शंका येते.

तर बाबांनी बिस्किटं हातात घेतली. तुमच्या बहिणीनं स्वयंपाकघराचा ताबा मुकाट्यानं सोडला, यावरूनच काय ते समजा. (तिनं फक्त एकदा शिट्टी वाजवली. छटा जरा खाली आणायला बाबांनी माझ्याकडे झेरॉक्स मशीनमधली काळी पूड चिमूटभर मागितली होती, तेव्हा.) पहिलं निदान असं निघालं की लोणी पिवळं आहे आणि पिवळं जांभळ्याला मारतं. म्हणून डेअरीतून पांढरं लोणी आलं. मग अंड्यातलं पिवळंही बाद झालं, नुसतं पांढरं घ्यायचं ठरलं, आणि उरलेलं पिवळं खायची जबाबदारी माझ्यावर आली. चांगला गुटगुटीत झालो आहे. मग कडा तांबूस होतात म्हणून आच कमी झाली आणि बाबा ओव्हनच्या काचेसमोर स्टूल टाकून बसायला लागले. दुकानात म्हणे ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो, तो आधी धरून चालावं लागतं. तसंच कच्चं बिस्कीट आणि भाजलेलं बिस्कीट. कच्चं किती भडक ठेवलं म्हणजे भाजल्यावर बरोबर उतरेल, याचा अंदाज ते मान तिरकी करून घेतात. ती मान पाहण्यासारखी असते.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल जावई सासऱ्यांची आरती ओवाळतो आहे. बाबा चव घेत नाहीत. रंगाच्या माणसानं माल चाखायचा नसतो, अशी त्यांची शिस्त आहे. हिरवा नीट उतरावा म्हणून त्यांनी लिंबात निळं घातलं, निळं फार झालं म्हणून अननस घातलं, आणि मग पुन्हा जरा लिंबू. दिसायला ते बिस्कीट कोवळ्या पानासारखं झालं. तोंडात घातल्यावर मात्र तीन फळं एकाच वेळी बोलायला लागली आणि कोणीच कोणाचं ऐकेना. चिमीनं ते गुपचूप ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना नेऊन दिलं. त्यांनी फार गोड मानून घेतलं, पण कुंडीला पाणी घालणं बंद झालं.

त्याच ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचं पुढचं ऐका. बाबा ट्यूबलाइटखाली रंग बघत नाहीत. ट्यूबलाइट खोटं बोलते म्हणतात. रंग बघायचा तो सकाळी, खिडकीच्या उजेडात. आता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर नेमकी ड्रायव्हिंग स्कूलची भिंत आहे, आणि ती आहे नारिंगी. तिचा उजेड आत येतो, म्हणजे आमच्या घरातली प्रत्येक वस्तू मुळात थोडी नारिंगी दिसते. (मला इतक्या वर्षांत हे समजलं नव्हतं. मी आपला तुमच्या बहिणीच्या गालांवरची लाली लग्नाची समजत होतो.) बाबांनी शेजाऱ्यांकडे रीतसर जाऊन, तुमची भिंत तेवढी सकाळपुरती पांढरी करता येईल का, असं विचारलं. ते बिचारे घाबरले. शेवटी आमच्या पांढऱ्या चादरी त्यांच्या गॅलरीतून खाली सोडायचं ठरलं. आता रोज सकाळी त्यांच्या भिंतीवर आमच्या चादरी लोंबतात, गाडी शिकायला आलेली मंडळी तो कसलातरी सिग्नल समजून गाडी थांबवतात, आणि आम्ही उघड्या गाद्यांवर झोपतो. तरी सांगतो, पहिल्या दिवशी चादरी सुटल्या आणि खिडकीतून जो स्वच्छ उजेड आत आला, त्यात बाबांनी हातातलं बिस्कीट वर धरलं, तेव्हा त्यांचा चेहरा पाहायला तुम्ही हवे होतात.

आणि एके दिवशी संत्रं साधलं. अगदी फळाच्या सालीसारखं. बाबांनी ते एकच बिस्कीट बशीत घालून खिडकीत ठेवलं. हा नमुना, आता बाकीच्यांनी याच्या तोलाचं व्हायचं. संध्याकाळी मी दुकानातून दमून आलो, चहा घेतला, खिडकीत बशी दिसली. पुढचं लिहायला हात धजत नाही. बाबा आले तेव्हा मी चुरा झटकत होतो. ते रागावले नाहीत हो. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "रंग कसा होता?" मी म्हटलं, "गोड होता." मग स्टुलावर बसत म्हणाले, "चूक माझी आहे. दुकानात नमुन्याची कार्डं नेहमी दोन करायचो. एक बाहेर ठेवायला आणि एक आपल्या खिशात. इथे म्हटलं, घरचीच तर माणसं आहेत." त्या वेळी तुमच्याकडे यायची त्यांची पहिली बस चुकली. तुम्हाला आम्ही चिमीचा ताप कळवला होता. तो ताप म्हणजे मी.

मग ते बिस्किटं घेऊन दुकानात आले. रंगाचा फिकट-गडदपणा नुसत्या डोळ्यानं फसवतो, तो काळ्या-पांढऱ्यात बघितला की खरा कळतो, असं म्हणून त्यांनी माझ्या मशीनच्या काचेवर बिस्किटं मांडली आणि झाकण लावलं. कागदावर करडी वर्तुळं आली. बाबा खूश. जांभळं अजून गडद आहे, ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. पण काचेवर साखर चिकटली आणि पाठोपाठ वकिलाचा कारकून भाडेकरारनामा घेऊन आला. त्याच्या करारनाम्याच्या प्रत्येक पानावर घरमालकाच्या नावापुढे एक आणि भाडेकरूच्या नावापुढे एक असे गोल डाग उमटले. तो म्हणाला, हे शिक्के कसले? बाबांनी त्याला शांतपणे बसवलं, एक बिस्कीट दिलं (संत्र्याचं, हिरवं नव्हे), आणि खिशातल्या मऊ फडक्यानं काच पुसायला घेतली. अशी पुसली की माझ्या प्रतींवर मशीन घेतल्यापासून जी एक उभी रेघ यायची, तीसुद्धा गेली. ती रेघ मशीनचा स्वभाव आहे असं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. आता तो कारकून येतो तो आधी बाबांची चौकशी करतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. परवा, तुमचं पत्र आलं त्याच सकाळी, सगळा घाणा साधला. चादरी सोडल्या होत्या, ऊन स्वच्छ होतं. बाबांनी ताट खिडकीशी आणलं आणि आम्ही तिघंही बघतच राहिलो. तांबडं तांबडं होतं, पिवळं पिवळं होतं, निळं अगदी निळं होतं, आणि कडेला ते जांभळं, ज्याच्यापायी एवढं रामायण झालं. मी झेरॉक्सवाला माणूस, मला वर्णन करता येत नाही. पण मला पहिल्यांदा असं वाटलं की आपण आजवर नुसत्या प्रती पाहत आलो. तुमची बहीण तोंड धुवायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

बाबा म्हणाले, "झालं. आता निघायला हरकत नाही." त्यांनी प्रत्येक रंगातलं एकेक बिस्कीट नमुना म्हणून बशीत लावलं, बाकीची तुमच्यासाठी डब्यात भरली, आणि बॅगेवरच्या छत्र्या उचलून बाजूला ठेवल्या. चिमी सरळ बॅगेवरच जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बशीतलं जांभळं गायब. डब्यात पाहिलं, तर त्यात जांभळं एकही निघालं नाही. घरात विचारपूस झाली. चिमी नाही म्हणाली, तुमची बहीण नाही म्हणाली, मीही नाही म्हणालो. खिडकी उघडी होती, कावळे असतात. बाबांनी बशीतली रिकामी जागा पाहिली आणि म्हणाले, "अर्धवट नमुना घेऊन मी कोणाच्या दारात गेलेलो नाही." बस सोडून दिली. आज सकाळपासून पुन्हा ओव्हनपुढे स्टूल आहे. छत्र्या परत बॅगेवर आहेत. तेव्हा उशीर होतो आहे तो असा, आणि यात कोणाचाच दोष नाही, कावळ्याचा सोडून. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा. कळावे, लोभ आहे तो वाढता ठेवा.

तुमचा,
जावईबापू (म्हणजे तुमच्या घरचा)

ता. क. : कावळा मी होतो. जांभळं द्राक्षाचं असूनही चवीला फारसं काही नव्हतं, पण मी ते न चावता गिळलं, म्हणजे पुरावा राहू नये.

आणखी एक ता. क. : आता विनंती. बाबांना इथे राहायचं आहे. ते तसं कधीच म्हणणार नाहीत, कारण त्यांनी तुम्हाला शब्द दिला आहे आणि तुम्ही खोली रंगवली आहे. तुमची बहीण म्हणणार नाही, कारण पंचानं बाजू घ्यायची नसते असं तिचं मत आहे (पण परवा नळ चालू होता, ते लिहिलंच आहे). मी जावई, मी कोणत्या तोंडानं म्हणू. तेव्हा तुम्हीच कृपा करून बाबांना लिहा की खोलीचा रंग अजून वाळलेला नाही, वास येतो, जरा थांबा. मला त्यांची सवय झाली आहे हो. ते नसले तर कुठला पांढरा कुठला, हे मी विचारू कोणाला? हे पत्र अर्थात बाबांना दाखवलेलं नाही. पाकीट चिकटवून, संध्याकाळी फिरायला जाताना पेटीत टाका म्हणून त्यांच्याकडे देतो आहे.

चि. दादास बाबांचे अनेक आशीर्वाद. पाकिटाचा डिंक वाळला नव्हता. वाळायच्या आत माल हातात देऊ नये, हे जावईबापूंना अजून शिकायचं आहे. पत्र वाचलं. माणूस भला आहे, पण त्यांनी गिळलं ते जांभळं निळ्याकडे झुकलेलं होतं. ती बशी मी मुद्दाम त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली होती. ते खातील याची खात्री होती. खरं जांभळं दुसरं होतं, ते मी डब्यात घातलंच नाही, माझ्या खिशात रुमालात आहे. तू खोलीचा रंग फोनवर सांगितलास तेव्हा मी विचारलं होतं, कुठला पांढरा, आणि तू म्हणालास, पांढरा म्हणजे पांढरा. तुझी खोली चांगलीच असेल. मी तिथे राहायला येणार नाही, पण तू वाईट वाटून घेऊ नकोस. खोकी पाठवतोस ती पोचतात, पण तू कितीतरी दिवसांत स्वतः आला नाहीस. लहान असताना तू दुकानात स्टुलावर उभा राहून दोन्ही कार्डं उजेडात धरायचास आणि मला सांगायचास, बाबा, जुळलं. हे जुळलं का, ते मला अजून तुझ्याकडूनच ऐकायचं आहे. तेव्हा ये. सकाळचा ये. ट्यूबलाइटखाली मी दाखवणार नाही.